सरबत गोठले, पुढे काय झाले?

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मार्वे रस्त्याने चालू लागले, की उन्हाळ्याच्या दिवसांत आंबा किती रूपांत गोठलेला भेटतो हे मोजण्यासारखे असते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर रंध्यावर बर्फ घासून केलेला गोळा असतो आणि त्यावर ओतायला पिवळ्याधमक सरबताची बाटली असते. किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या नळीत गोठवलेली 'पेप्सी' असते (त्या नावाच्या शीतपेयाशी हिचा काही संबंध नाही, पण मुलांनी नाव ठेवले ते ठेवले). लाल फडके गुंडाळलेल्या मडक्यातली कुल्फी असते. आइस्क्रीमच्या दुकानात कप आणि कोन असतात. आणखी पुढे मॉलमध्ये गेलात तर काचेमागे 'मँगो सॉर्बे' अशी पाटी दिसते. पाच-दहा रुपयांपासून शे-दीडशे रुपयांपर्यंत, नाव मात्र सगळीकडे आंब्याचे.

सहावी-सातवीच्या वर्गात 'या सगळ्यांत फरक काय?' असे विचारून पाहा. उत्तरे भराभर येतील. एकात दूध असते, एकात नसते. एक चोखावे लागते, एक चाटावे लागते. एक स्वस्त, एक महाग. एक खाल्ले की घरी ओरडा बसतो. यातले एकही उत्तर चुकीचे नाही, पण त्यांतून फरकाचे कारण कळत नाही. आम्हाला असे वाटते, की ते कारण इतिहासातून चांगले कळते. थंडावा मिळवण्याची प्रत्येक नवी युक्ती सापडली तेव्हा फळाच्या रसापासून एक नवा पदार्थ तयार झाला, आणि जुना पदार्थही टिकून राहिला. मार्वे रस्त्यावर आज हे सगळे टप्पे एकाच वेळी विक्रीला मांडलेले आहेत.

सोरा आणि सरबत

मुंबईला निसर्गाने बर्फ दिलेला नाही. क्वचित पडणाऱ्या गारा सोडल्या तर कोकणच्या माणसाला गोठलेले पाणी पाहायला मिळणे शक्यच नव्हते. वाळ्याचे पाणी, कोकमाचे सरबत, पन्हे ही आपली उन्हाळी पेये. ती गार करायला मातीचा माठ पुरे होता. माठातून झिरपलेले पाणी बाष्प होऊन उडते, जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी निवते. पण कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, म्हणून विदर्भातला माठ जितका गार होतो तितका मालाडचा होत नाही.

माठापेक्षा जास्त गारवा मिळवण्याची एक युक्ती उत्तर हिंदुस्थानात अकबराच्या काळी वापरात होती. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त ती मापांसह दिलेली आहे. शेरभर पाणी जस्त-कथलासारख्या किंवा चांदीच्या धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालायचा आणि त्या पाण्यात सुरई सुमारे पाव तास फिरवत राहायची. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला घटक. तो पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. ही उष्णता तो भोवतालच्या पाण्यातून आणि धातूच्या पातळ भिंतीतून सुरईतल्या पाण्यातून घेतो. मापे पाहिली तर गंमत लक्षात येते. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात पूर्ण विरघळत नाही. २० अंश सेल्सियसला शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३२ ग्रॅमच मावतो, आणि पाणी जसे गार होते तसा आणखी कमी. म्हणजे मुदपाकखान्यातल्या माणसांना संपृक्त द्रावण हा शब्द माहीत नसेल, पण पाणी संपृक्त होईल एवढा सोरा घालायचा हे त्यांना नेमके माहीत होते.

वर्गात हा प्रयोग करायला सोरा मिळाला नाही तरी अडत नाही. खताच्या दुकानातला युरियासुद्धा विरघळताना उष्णता शोषतो. ग्लासभर पाण्यात तापमापी धरून तीन-चार मोठे चमचे युरिया ढवळला की पारा खाली उतरताना मुलांना दिसतो. (भांडी स्वयंपाकाची नकोत, चव घेणे नको. पाणी नंतर भरपूर पातळ करून शाळेच्या झाडांना घालावे.)

मात्र सोऱ्याने सरबत गार होते, गोठत नाही. बादशाही मुक्काम १५८६ मध्ये पंजाबात गेल्यावर लाहोरला उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला, तोही याच ग्रंथात नोंदलेला आहे. दरबाराला बर्फ मिळाला खरा, पण नुसता बर्फही पुरत नाही. गोड सरबताची सुरई शुद्ध बर्फात कितीही वेळ ठेवली तरी ते सरबत गोठणार नाही. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असतो.

तिखट-मिठाविना मिठाचा उपयोग

हे कोडे सुटले ते बर्फात क्षार मिसळून. इटलीत जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ च्या आपल्या ग्रंथात हिम आणि सोरा यांच्या मिश्रणात बाटली फिरवून पाणी घातलेली द्राक्षाची दारू गोठवण्याची कृती दिली. सोऱ्यापेक्षा साधे मीठ स्वस्त आणि अधिक परिणामकारक. मीठ आणि बर्फ योग्य प्रमाणात मिसळले तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. बर्फ मिठाला भेटला की दोघांचे खारे पाणी होते. या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या बराच खाली असल्याने बर्फ वितळतच राहतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. बाहेरून कोणी ती पुरवत नाही, म्हणून मिश्रण स्वतःलाच थंड करत जाते, आणि त्यात बुडवलेल्या भांड्यालाही.

इथे एका शब्दाचा प्रवास सांगायला हवा. अरबी भाषेत 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेला शब्द फारसीत 'शरबत' झाला. तोच आपल्याकडे 'सरबत' म्हणून आला, तुर्कीत 'शेर्बेत' झाला आणि इटलीत 'सोर्बेत्तो'. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी याने आपल्या पाकपुस्तकात लिंबू, स्ट्रॉबेरी अशा फळांच्या सोर्बेत्तोंच्या कृती छापल्या, आणि त्यांत दुधाचाही एक सोर्बेत्तो होता. फ्रेंचांनी त्याचे 'सॉर्बे' केले. मॉलमधली ती भारी पाटी म्हणजे आपले सरबतच, युरोपची वारी करून, गोठून परत आलेले. इंग्रजीतल्या 'शर्बेट'चे मूळही तेच. पण अमेरिकेच्या नियमांप्रमाणे शर्बेटमध्ये एक ते दोन टक्के दुधाची स्निग्धता असते आणि सॉर्बेत दूध मुळीच नसते. एकाच आजीच्या दोन नातवंडांत कायद्याने असा फरक केला आहे.

सॉर्बे आणि किराणा दुकानातली पेप्सी यांतले घटक जवळजवळ सारखे असू शकतात: पाणी, साखर, फळाचा रस किंवा त्याचा नुसता स्वाद. फरक पडतो तो गोठताना ढवळले की नाही यामुळे. पेप्सी किंवा आइस कँडी मुले कशी खातात ते आठवा. आधी जोरात चोखतात, सगळा गोड रंगीत रस तोंडात येतो आणि हातात पांढुरका, बेचव बर्फाचा दांडा राहतो. मुलांना वाटते दुकानदाराने फसवले. वास्तविक हा फार सुंदर प्रयोग आहे. साखरपाणी गोठताना स्फटिकात फक्त पाणी जाते, साखर बाहेर राहते. उरलेला पाक त्यामुळे अधिकाधिक घट्ट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. एक हिशेब करून पाहू. ७५० ग्रॅम पाण्यात २५० ग्रॅम साखर असेल तर गोठण्याची सुरुवात सुमारे उणे १.८ अंशाला होते. त्यातले निम्मे पाणी गोठले की उरलेल्या पाकाचा गोठणबिंदू सुमारे उणे ३.६ होतो. म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्येसुद्धा थोडा पाक द्रवच राहतो. न हलवता गोठवलेल्या कँडीत बर्फाचे लांब, जाड स्फटिक वाढतात आणि त्यांच्या फटींत पाक अडकतो. चोखले की तो बाहेर ओढला जातो. ढवळत गोठवले तर स्फटिक मोठे होण्याआधीच तुटतात, बारीक राहतात, पाक त्यांच्यात सारखा पसरतो आणि जिभेला खरखर लागत नाही.

गोळ्याचा क्रम याच्या बरोबर उलटा. तिथे बर्फ आधी होतो आणि सरबत मागाहून येते. म्हणून गोळ्यात चोखायचे काम सतत चालू ठेवावे लागते आणि गाडीवाल्याकडे 'थोडे सरबत अजून' अशी मागणी करावी लागते. ती मागणी शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे.

वर्गात करायचे तर लहान प्लास्टिकच्या पिशवीत गोड आंबारस आणि पाणी भरून पिशवी घट्ट बांधा. ती मोठ्या पिशवीत तीन वाट्या फोडलेला बर्फ आणि एक वाटी खडे मीठ यांच्यात ठेवा. अशा दोन जोड्या करा. एक तशीच ठेवा, दुसरी रुमालात धरून दहा-पंधरा मिनिटे हलवत राहा. रुमाल विसरू नका, उणे दहाच्या खालचे मिश्रण नुसत्या हाताला इजा करते. दोन्ही पिशव्या उघडून चव घेतली की आम्ही वर लिहिलेला परिच्छेद मुलांना वाचून दाखवण्याची गरज राहणार नाही.

मुंबईत बर्फ आला

मुंबईत यांपैकी काहीही होण्यासाठी आधी बर्फ हवा होता, आणि तो आला थेट अमेरिकेहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुश्यात रचून जहाजाने पाठवण्याचा धंदा उभा केला होता. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, कलकत्त्याला पोचले तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. भुसा उष्णतेचा किती मंद वाहक आहे याचे याहून मोठे प्रात्यक्षिक मिळणे कठीण. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईत आला. पुढे तो साठवण्यासाठी कोटात बर्फघर बांधले गेले. मुंबईचे बर्फघर आज उरलेले नाही, मद्रासचे मात्र अजून उभे आहे आणि विवेकानंदांच्या मुक्कामामुळे त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्या काळातली एक गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनी आवर्जून सांगितली आहे. जमशेटजी जीजीभाई यांनी (त्यांना 'सर' हा किताब मिळायचा होता, तो १८४२ चा) आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि नंतर यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाली असे 'मुंबई समाचार'ने छापले. वर्तमानपत्राच्या सुरात थोडी 'बरे झाले' अशी छटा होती म्हणतात. परक्या देशातून आलेल्या गार पदार्थावरचा हा राग समजण्यासारखा आहे, पण सर्दी विषाणूंमुळे होते. एका खोलीत जमलेल्या माणसांनी ती एकमेकांना दिली असण्याचाच संभव अधिक. दोनशे वर्षे होत आली तरी आइस्क्रीमवरचा तो आरोप आपल्या घराघरांत कायम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने बर्फ बनवण्याचे कारखाने इथेच निघाले आणि अमेरिकेची जहाजे बंद झाली. आता बर्फ लादीच्या हिशेबाने, गोणपाटात गुंडाळून मिळू लागला. त्याने गोळेवाला शक्य केला, आणि घरातला आइस्क्रीमचा पॉटही.

हा पॉट ज्यांनी फिरवला आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. लाकडी बादली, तिच्यात मधोमध धातूचा उभा डबा, डब्यात लाकडी पाती, वर दात्यांची चाके आणि हँडल. डब्यात आटवलेले दूध आणि आंब्याचा रस, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये अशा हातयंत्राचे पेटंट घेतले होते. आमच्याकडे तो मे महिन्याच्या सुटीत पाहुणे जमले की माळ्यावरून खाली यायचा, ज्यांच्याकडे नसे ते भाड्याने आणीत. मुलांनी आळीपाळीने हँडल मारायचे, आणि ते जड झाले की आइस्क्रीम झाले असे समजायचे. ही खूण बरोबरच होती, कारण बर्फाचे स्फटिक वाढले की मिश्रणाची श्यानता वाढते. आतले भांडे आणि बाहेरचे गार मिश्रण हे आईन-ए-अकबरीचेच तंत्र, फक्त सोऱ्याच्या जागी बर्फ-मीठ आले आणि सुरईबरोबर आतला पदार्थही ढवळला जाऊ लागला. भेंडी बाजारातले ताज आइस्क्रीम हे दुकान आपली परंपरा १८८७ पासूनची सांगते. तिथे सीताफळ, आंबा अशी फळे घालून आइस्क्रीम हाताने फिरवायच्या सांच्यात करण्याची रीत चालत आलेली आहे.

ढवळण्याने आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. मिश्रणात हवा शिरते. दुधातली स्निग्धता आणि प्रथिने त्या हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात. आइस्क्रीम चमच्याने सहज कापले जाते, तोंडात एकदम बोचत नाही, ते या हवेमुळे. सॉर्बेत हवा धरायला दुधाची स्निग्धता नसते, म्हणून ते अधिक थंड आणि अधिक आंबट-गोड लागते.

कुल्फी या शर्यतीत धावलीच नाही. दूध आटवून आटवून पाणी कमी करायचे, साच्यात भरून तोंड कणकेने बंद करायचे आणि बर्फ-मिठाच्या मडक्यात ठेवून द्यायचे. ढवळणे नाही, म्हणून हवा नाही. मग कुल्फी कँडीसारखी खरखरीत का होत नाही? कारण आटवल्यामुळे गोठण्याजोगे पाणीच थोडे उरते आणि दाट दुधातले घन पदार्थ स्फटिकांना वाढू देत नाहीत. आत हवा नसल्याने तिची एक कांडी हाताला जड लागते आणि सावकाश वितळते. कधीकधी ती दाताखाली रवाळ लागते, तो बर्फ नसून दुधातल्या लॅक्टोजचे स्फटिक असतात. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर १९१६ मध्ये सुरू झालेल्या पारशी डेअरी फार्मने ही कुल्फी शहरात नावारूपाला आणली. आमचे मत विचाराल तर आंब्याला कुल्फीइतका न्याय दुसरे कोणी देत नाही, पण हे मत आहे, विज्ञान नाही.

फळ की फळाचे नाव

आइस्क्रीममध्ये खरे फळ घालणे वाटते तितके सोपे नसते. हापूसच्या गरातही सुमारे चार पंचमांश पाणीच असते. फोडी तशाच घातल्या तर त्या गोठून खड्यासारख्या होतात. रस घातला तर मिश्रणातले पाणी वाढून बर्फ खरखरीत होतो. आंबट फळाने दूध फाटण्याची भीती वेगळीच. म्हणून अनेक वर्षे सोपी वाट हीच होती: पांढरे आइस्क्रीम करायचे आणि त्यात रंग व स्वाद घालायचा. मंगळूरकडच्या एका फळविक्रेत्याचे चिरंजीव रघुनंदन कामत यांनी १४ फेब्रुवारी १९८४ रोजी जुहूला 'नॅचरल' हे छोटे दुकान काढले, ते दूध, साखर आणि खरे फळ एवढ्याच भांडवलावर. सीताफळ, शहाळे, चिकू, फणस, जांभूळ ही आपल्या परसातली फळे आइस्क्रीमच्या पाटीवर मानाने लागली ती बरीचशी या दुकानामुळे. कारखाना मालाडच्या शेजारी, कांदिवलीतल्या चारकोपला उभा राहिला. कामत यांचे २०२४ च्या मे महिन्यात निधन झाले. फळ कोणते पिकले आहे, कोणते पुढच्या आठवड्यात पिकेल हे हाताने ओळखणाऱ्या घरातला माणूस या धंद्यात आला याचे आम्हाला फार महत्त्व वाटते.

पण फळ आहे की नुसते नाव, दूध आहे की तेल, हे चवीने ओळखणे कठीण असते. तिथे कायदा मदतीला येतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे आइस्क्रीम किंवा कुल्फी म्हणायचे तर त्यात दुधाची स्निग्धता निदान १० टक्के असायला हवी. मध्यम व कमी स्निग्धतेच्या प्रकारांना तसे वेगळे नाव लावावे लागते. आइस कँडीसारख्या पदार्थांना साखर किमान १० टक्के हवी, फळ 'असू शकते', असलेच पाहिजे असे नाही. आणि 'फ्रोझन डेझर्ट' नावाचा एक वर्ग आहे. त्यात दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पतीजन्य तेल किंवा चरबी वापरता येते, मात्र तिचा वितळबिंदू ३७ अंशांहून अधिक नसावा. ३७ हा आकडा कुठून आला ते मुलांना विचारावे. माणसाच्या शरीराचे तापमान तेवढे असते, त्याहून उशिरा वितळणारी चरबी टाळूला मेणासारखी चिकटून राहील.

या दोन नावांवरून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात भांडण गेले होते. अमूलने जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असते असे सुचवले, हिंदुस्तान युनिलिव्हरने त्याला आक्षेप घेतला आणि न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला सांगितले. वनस्पतीजन्य तेल आणि हायड्रोजन देऊन घट्ट केलेले 'वनस्पती' या एक गोष्टी नाहीत, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्या निमित्ताने सांगायला हरकत नव्हती. फ्रोझन डेझर्ट वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. ते आइस्क्रीम नसते, आणि डब्यावर लहान अक्षरांत का होईना तसे छापलेले असते. दोन्ही एकाच फ्रीजरमध्ये, सारख्याच चित्रांच्या डब्यांत शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, एवढीच अडचण.

आता हवेचा हिशेब. नियम सांगतो, की एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. गोठवण्याआधीच्या मिश्रणाच्या एका लिटरचे वजन सुमारे १,१०० ग्रॅम असते. म्हणजे ५२५ ग्रॅम मिश्रण जेमतेम ४८० मिलिलिटर जागा घेते, उरलेले अर्ध्याहून थोडे जास्त लिटर ही हवा, आणि ती कायदेशीर आहे. कपावर बहुधा मिलिलिटर मोठे छापलेले असतात. आपण पैसे घनफळाचे देतो आणि खातो वस्तुमान. कुल्फी त्याच हिशेबाने पाहिली तर स्वस्त ठरण्याची शक्यता आहे. वर्गात दोन-तीन प्रकारचे १०० मिलिलिटरचे कप आणून शाळेच्या तराजूवर वजन करावे, रिकाम्या कपाचे वजन वजा करावे, मग आइस्क्रीम पूर्ण वितळू देऊन मापनपात्रात ओतावे. आकडे फळ्यावर लिहिले की पुढची चर्चा मुलेच करतात. वितळलेले आइस्क्रीम चाखले तर ते अतिगोड लागते. थंड जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून साखर जास्त घालावी लागते, हेही हाती लागते.

निळा बर्फ

मार्वे रस्ता पुढे खाडीपर्यंत जातो. मार्वे, मढ, भाटी इथले कोळीवाडे मालाडचेच. मासेमारीच्या होड्या समुद्रात जाण्याआधी बर्फ भरून घेतात. हा बर्फ मासळी टिकवण्यासाठी असतो, तो पिण्याच्या पाण्याचा असलाच पाहिजे असे नाही. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ मात्र पिण्याच्या पाण्याचाच हवा. दोन्ही लाद्या दिसायला सारख्या, पांढऱ्या, भुसा-गोणपाटात गुंडाळलेल्या. मासळीच्या कामाची लादी सरबताच्या गाडीवर पोचली तर खाणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मुंबईत रस्त्यावरच्या बर्फाच्या नमुन्यांत विष्ठेतून येणारे जिवाणू वेळोवेळी सापडले आहेत. गोठवल्याने सगळे जिवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. बरेचसे नुसते थांबून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. कावीळ आणि जुलाबाचे विषाणूही बर्फात टिकतात.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर एक साधा उपाय योजला. १ जून २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करायचा. रंग खाद्यरंगांपैकीच, दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत, म्हणजे किलोला दहा मिलिग्रॅम. पांढरा बर्फ खाण्याचा, निळा मासळीचा. प्रयोगशाळा, भिंग, अहवाल काही नको. ट्यूडरचा बर्फ तळ्यातला होता की विहिरीतला हे मुंबईकराला कधीच कळले नव्हते, आजच्या मुलाला निदान एवढे कळू शकते. अर्थात निळा रंग नसला म्हणजे पाणी शुद्ध होते असे मात्र होत नाही. पांढरा बर्फ ज्या पाण्याचा, ज्या गोणपाटात गुंडाळलेला आणि ज्या हाताने घासलेला, तेवढाच स्वच्छ.

गोळ्याच्या गाडीवर अलीकडे मुलांना निळे सरबतही फार आवडते. ते मागायचे असेल तर रंध्यावर बर्फ घासून होईपर्यंत, सरबत ओतण्याच्या आधी, त्याचा रंग नीट पाहून घ्यायला मुलांना सांगावे.